कठीण काव्य आणि साधकाचा श्रम

विषय

ब्रह्मविद्येच्या अभ्यासात नव्याने प्रवेश केलेल्या साधकाच्या मनात एक शंका लवकरच उत्पन्न होते. सूत्रपाठ मुखोद्गत होऊ लागलेला असतो, स्मरणाचा नेम लागलेला असतो, आणि अशा वेळी साती ग्रंथांपैकी एखादा काव्यग्रंथ त्याच्या हाती येतो. दहा ओव्या वाचाव्या तर पाचसहा ठिकाणी शब्द अडतो. शब्द कळला तर अन्वय लागत नाही. अन्वय लागला तर कवीने सरळ सांगण्याजोगी गोष्ट इतके वळण घेऊन का सांगितली, हे उमजत नाही. वासनिक गृहस्थाची अडचण याहून मोठी. दिवसभर शेत, दुकान वा कचेरी सांभाळून तो रात्री ग्रंथ उघडतो आणि दोन ओव्यांवरच त्याचे डोळे मिटू लागतात. मग शंका येते ती अशी: हा श्रम कशासाठी? कठीण काव्यात असे काही खरोखर असते काय, की जे सोप्या सारांशातून मिळणार नाही? की विद्वानांनी एकमेकांचा मान राखण्यासाठी चालविलेली ही नुसती रीत आहे?

ही शंका उद्धटपणाची नव्हे. ती विचारणाऱ्यास गप्प बसविणे म्हणजे शास्त्राचा मान राखणे नव्हे. म्हणून तिचा पूर्वपक्ष आधी पूर्ण बळाने मांडणे अवश्य आहे.

पूर्वपक्ष

पहिला आक्षेप पंथाच्या इतिहासातूनच निघतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपण केले ते लोकांच्या बोलीत, मराठीत. त्यांच्यामागे आचार्य श्रीनागदेवांनी तोच दंडक राखिला. केशिराजव्यासांसारख्या संस्कृतज्ञाने संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा आचार्यांनी त्यांना मराठीतच बोलावयास लाविले. पुढे केशिराजव्यास लीळांवर संस्कृत रचना करू लागले, तेव्हाही आचार्यांनी त्यांना थांबविले. संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण स्मृतिस्थळात नमूद आहे. ज्या मार्गाने म्हाताऱ्यांसाठी पांडित्य बाजूस सारिले, त्या मार्गाच्या अनुयायाने कठीण काव्यासाठी झुरावे हे विपरीत नव्हे काय?

दुसरा आक्षेप आयुष्याचा. स्मरण, भिक्षा, अटन, विजन यांतून उरणारा वेळ थोडा आणि देहाचा भरवसा नाही. एका ओवीसाठी एक प्रहर घालविणाऱ्याने तो प्रहर स्मरणातूनच काढून घेतला, असे का म्हणू नये?

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. ज्या वस्तूसाठी मनुष्य फार श्रम करितो, ती त्याला मोलाची वाटू लागते. ती मोलाची असते म्हणून नव्हे, तर श्रम झाले म्हणून. दहा वर्षे एका ग्रंथावर घालविणाऱ्यास तो ग्रंथ पोकळ आहे हे कबूल करणे जड जाते. मग तो स्वतःच्या बुद्धीतला अर्थ ग्रंथात ओततो आणि तो ग्रंथाचाच म्हणून बाहेर काढितो. म्हणजे श्रमाचे फळ हे पुष्कळदा श्रमाचा मोहच असतो.

हे तिन्ही आक्षेप सहज उडवून लावण्याजोगे नाहीत.

पूर्वसूरींचा वाद

हा प्रश्न आजचा नाही. भारतीय काव्यविचारात तो तेराशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. भट्टी या कवीने रामकथेवर काव्य रचून त्यातून पाणिनीय व्याकरणाचे प्रयोग शिकविले, आणि आपले काव्य व्याख्येच्या साहाय्यानेच कळणारे आहे, असे शेवटी अभिमानाने सांगितले. भामहाचे मत याच्या नेमके उलट पडते. काव्यालाही शास्त्राप्रमाणे व्याख्या लागू लागली तर तो बुद्धिमंतांचा उत्सव होईल आणि मंदमती मात्र मारले जातील, असा त्याचा अभिप्राय आहे. आचार्य नागदेवांची म्हाताऱ्यांविषयीची कणव आणि भामहाची मंदमतींविषयीची काळजी यांत काही नाते आहे, हे सुज्ञ वाचकाच्या ध्यानात येईल.

माघकवीच्या शिशुपालवध या संस्कृत महाकाव्याचा एकोणिसावा सर्ग चित्रबंधांनी भरलेला आहे. उलटसुलट, उभे-आडवे कसेही वाचले तरी तेच राहणारे श्लोक, मोजक्याच व्यंजनांत रचलेले श्लोक, असे त्याचे स्वरूप. भारवीनेही किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गात हाच खेळ मांडिला. आनंदवर्धनाने नवव्या शतकात व मम्मटाने अकराव्या शतकात अशा चित्रकाव्यास खालची पायरी दिली. तेथे काठिण्य आहे, परंतु ते फोडून आत गेल्यावर रस हाती येत नाही, कवीचे हस्तकौशल्य तेवढे दिसते.

परंतु त्याच भारवीविषयी मल्लिनाथ या टीकाकाराने नारळाची उपमा वापरिली आहे. कवच फोडण्याचे काम टीकाकार करील, रसिकांनी आतला रस यथेच्छ सेवावा, असा तिचा आशय. एकाच कवीच्या ग्रंथात रस नसलेले कवच आणि रस असलेला नारळ अशी दोन्ही सापडतात. यावरून काठिण्य हा स्वतः गुणही नव्हे व दोषही नव्हे, हे निष्पन्न होते. आत काय आहे, हा खरा प्रश्न.

काठिण्याचे चार प्रकार

म्हणून साधकाने प्रथम आपल्यापुढील काठिण्य कोणत्या जातीचे आहे, ते ओळखावे.

पहिले काठिण्य काळाचे. कवी लिहीत होता तेव्हा ते काठिण्य नव्हतेच. ‘निके’ म्हणजे चांगले, ‘वोखटे’ म्हणजे वाईट, ‘पुसणे’ म्हणजे विचारणे, ‘नागवणे’ म्हणजे लुबाडले जाणे, हे त्या काळच्या बाजारात व अंगणात बोलले जाणारे शब्द होत. आजच्या शिकलेल्या वाचकास ते अडतात. परंतु ‘पुसणे’ विचारण्याच्या अर्थी ग्रामीण बोलींत अद्यापि ऐकू येते. कोशात शब्द शोधणाऱ्या विद्यार्थ्यास एखादी निरक्षर आजीबाई तो सहज समजावून देईल, असाही प्रसंग येतो. हे काठिण्य श्रमाने निश्चित दूर होते आणि त्यासाठी लागणारा श्रम बेताचाच असतो. शेपाचशे जुने शब्द व काही प्रत्यय अंगवळणी पडले की गाडी मार्गी लागते.

दुसरे काठिण्य कुलपाचे. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. सकळ लिपी रवळोबासांनी योजिली, असे परंपरा मानते. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर लिहिण्याच्या या संकेतामुळे पोथी परक्याच्या हाती पडली तरी ती त्याच्यापुढे मुकी राही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा अभ्यासकांपुढे ठेविला, आणि पुढे अनेक ग्रंथ देवनागरीत छापले गेले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे काठिण्य रक्षणासाठी होते. कुलूप म्हणजे ठेव नव्हे. लिपी वाचता आली म्हणजे ग्रंथ कळला, असे समजणारा मनुष्य किल्ली हाती आली एवढ्यावरच स्वतःस धनवान मानणाऱ्यासारखा होय.

तिसरे काठिण्य कवीच्या अभिमानाचे. वर सांगितलेले चित्रबंध हे त्याचे उदाहरण. येथे श्रमाचे फळ म्हणजे कोडे सुटल्याचा आनंद. तो आनंद खोटा नाही, परंतु कोडे सुटताच तो संपतो. अशा स्थळी साधकाने फार काळ थांबू नये.

चौथे काठिण्य विषयाचे. शब्द ओळखीचे, वाक्य लहान, लिपी स्वच्छ, आणि तरीही अर्थ पुरता हाती येत नाही. कारण जे सांगावयाचे आहे तेच खोल आहे. सूत्रपाठातील सूत्रे याच जातीची होत. त्यांची भाषा सोपी. तथापि त्यांच्यासाठी प्रकरणवश लागला, लक्षणबंध, विचारबंध व आचारबंध लागले, आणि तरीही निरूपण संपले नाही. पहिल्या आक्षेपाचे उत्तर येथे मिळते. आचार्यांनी काठिण्य नाकारिले ते भाषेचे, विषयाचे नव्हे. म्हाताऱ्यांना सोपी गोष्ट द्यावी, असे त्यांनी म्हटले नाही. सर्वांत अवघड गोष्ट त्यांच्याही हाती यावी, एवढ्यासाठी त्यांनी दाराशी असलेली धोंड काढविली.

एका दृष्टांताचे तीन वाचन

विषयाचे काठिण्य श्रमाने कसे उकलते, याची प्रचिती दृष्टांतपाठातील हत्तीच्या दृष्टांतावरून घ्यावी. गावात हत्ती आला. आंधळे तो पाहावयास गेले. ज्याचा हात पायाला लागला त्यास हत्ती खांबासारखा वाटला. कानाला लागला त्यास सुपासारखा. सोंडेला लागला त्यास मुसळासारखा. ते आपसांत भांडू लागले. डोळस मनुष्याने ही सर्व एका हत्तीचीच अंगे होत, असे जाणिले.

पहिल्या वाचनात ही गंमतीची गोष्ट आहे. लहान मूलही ती ऐकून हसते आणि आंधळे चुकले, एवढा बोध घेते. पुष्कळ वाचक येथेच थांबतात व दृष्टांत कळला असे मानतात.

दुसऱ्या वाचनात ध्यानात येते, की आंधळ्यांपैकी कोणीही खोटे बोलला नाही. पाय खरोखरच खांबासारखा असतो. त्यांचा स्पर्श खरा होता. चूक झाली ती ‘हत्ती एवढाच’ या म्हणण्यात. येथे दार्ष्टांतिकाचे दार उघडते. अंशाचे ज्ञान असत्य नाही. अंशास सर्वस्व मानणे हे अज्ञान. आता वाचक हसत नाही. त्याला आपली ओळखीची माणसे आठवतात आणि तो त्यांच्यावर हा दृष्टांत लावू लागतो.

तिसऱ्या वाचनात दृष्टांत वाचकावर उलटतो. माझा हात कोणत्या अंगावर आहे, असा प्रश्न त्याला पडतो. त्याहून कठीण गोष्ट मागाहून उमगते. पाय चाचपणाऱ्या आंधळ्याने आणखी दहा वर्षे तोच पाय चाचपला असता तरी त्यास हत्ती दिसला नसता. त्याच्या श्रमात उणे नव्हते. उणी होती ती दृष्टी.

हा तिसरा अर्थ प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जातो. ज्ञान हे जीवाच्या श्रमाची मजुरी नव्हे, ते परमेश्वराचे दान होय, हा पंथाचा सिद्धांत. मग श्रम व्यर्थ काय? नव्हे. श्रमाने जीवाच्या ठायी योग्यता येते. शेतकरी पाऊस पाडीत नाही. परंतु ज्याने नांगरून ठेविले त्याच्याच शेतात पाऊस जिरतो, पडीक जमिनीवरून तो वाहून जातो. काव्याच्या क्षेत्रातही अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण याच अंगाने केले आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, तो सहृदय. काव्य वाचून वाचून आरसा घासला जातो, आणि घासलेल्या आरशात काव्य उमटते. म्हणजे कठीण काव्यावरील श्रमाचे पहिले फळ काव्याचा अर्थ हे नसून वाचकाच्या ठिकाणी झालेला पालट हे होय. सारांश वाचणाऱ्यास अर्थ मिळतो, पालट मिळत नाही. आंधळे चुकले हे त्यास कळते. आपण आंधळे आहो हे कळत नाही.

भास्करभट्टांचा आदर्श

तथापि श्रमाने सर्व काही पवित्र होते असे नव्हे, ही शिकवणही पंथाच्याच इतिहासात आहे. कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर यांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी शिशुपालवध हे काव्य मोठ्या परिश्रमाने सिद्ध केले. संस्कृत काव्यशास्त्राचे सर्व वैभव त्यांनी मराठी ओवीत आणिले. परंतु ते पाहून एका ज्येष्ठ गुरुबंधूंनी निर्वाळा दिला, की ग्रंथ चांगला झाला, पण तो निवृत्तांच्या कामाचा नव्हे. शृंगाराची गोडी ज्यांना आहे त्या प्रवृत्तांच्या योग्य तो झाला आहे.

या निर्वाळ्यात दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. ग्रंथ वाईट आहे, असे ते म्हणाले नाहीत. काव्य म्हणून त्याची थोरवी त्यांनी मान्य केली. आणि कवीने एवढा श्रम केला आहे म्हणून तो सर्वांस हितकर आहे, असेही म्हणाले नाहीत. मोल वेगळे आणि उपयोग वेगळा, हा विवेक त्यांनी राखिला. भास्करभट्टांची थोरवी याहून मोठी. त्यांनी रुसून लेखणी टाकिली नाही. भागवताच्या एकादश स्कंधाचा आधार घेऊन त्यांनी उद्धवगीता रचिली, जिच्यात ज्ञानवैराग्याचा विषय आहे. आणि पंथाने पहिला ग्रंथही फेकून दिला नाही. साती ग्रंथांत दोहोंनाही स्थान मिळाले.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर भास्करभट्टांच्या या आचरणात आहे. श्रमाचा मोह खरा आहे, परंतु तो अटळ नाही. ज्याला आपल्या श्रमाचे मोल दुसऱ्याकडून ऐकून घेता येते, त्यास तो बांधीत नाही. श्रमाला सोन्याचे मोल लावणाऱ्यांनाही पंथाचे कवी बधले नाहीत. इ. स. १२९२ च्या सुमारास नरेंद्रकवींनी रचिलेल्या रुक्मिणीस्वयंवरावर लुब्ध होऊन रामदेवराव यादवाने ते आपल्या नावावर करून मागितले, आणि त्यासाठी ओवीगणिक सोन्याचे नाणे देऊ केले, असे परंपरा सांगते. कवीने ते नाकारिले. त्याच्या लेखी ओवीचे मोल राजाच्या देण्यावर ठरणारे नव्हते.

म्हातारीची परीक्षा

मग एखाद्या कठीण काव्यावर केलेला श्रम सार्थकी लागला, हे ओळखावे कसे? परीक्षा आचार्य नागदेवांच्याच शब्दात दडलेली आहे. ओवीतून किंवा सूत्रातून जे हाती आले असे वाटते, ते साधकाने एखाद्या वृद्ध वासनिक बाईस तिच्या बोलीत सांगून पाहावे. ती समजली, तिने मान डोलाविली, कदाचित उलट एखादा प्रश्न विचारिला, तर श्रम फळास आला. सांगता सांगता साधकच अडखळला, मोठमोठ्या शब्दांचा आश्रय घेऊ लागला, तर दोहोंपैकी एक निश्चित: अर्थ अद्यापि त्याच्या हाती आलेला नाही, अथवा त्या स्थळी अर्थ नाहीच. पहिले असेल तर पुन्हा बसावे. वारंवार बसूनही तेच घडले तर ग्रंथास नमस्कार करून पुढे जावे. त्यात पराभव नाही.

येथे कोणी म्हणेल, म्हातारीला सांगण्याजोगा अर्थ शेवटी सोपाच निघाला, तर तो आरंभीच सोपा का सांगितला नाही? याचे उत्तर, की तो सांगणाऱ्याने मिळविलेला आहे म्हणून सोपा झाला आहे. विहीर खणणाऱ्याने खडक फोडिला म्हणून पाणी भरणारीस घागर बुडविता येते. कोणीच खडक फोडिला नाही तर काही काळाने घागर कोरडीच वर येईल. सारांश वाचणाऱ्यांच्या पिढीमागून सारांशाचा सारांश वाचणाऱ्यांची पिढी येते, आणि मूळ पोथी रुमालात बांधलेली राहते. म्हणून थोड्यांनी तरी हा श्रम केलाच पाहिजे, आणि ज्यांनी केला त्यांनी तो इतरांसाठी केला असे समजले पाहिजे. २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाची वार्ता खरी. परंतु ज्या ग्रंथांमुळे भाषेस हा मान शोभतो ते वाचणारे घरोघर नसतील, तर तो मान रुमालावरच्या भरतकामासारखा राहील.

अभ्यासाची रीत

आयुष्य थोडे आहे, हा दुसरा आक्षेप उरला. तो खरा आहे आणि त्याचे उत्तर मर्यादेत आहे. स्मरणाचा वेळ काव्यास देऊ नये, गप्पागोष्टींचा द्यावा. साधकाने पुढील रीत पाळावी.

एका बैठकीस पाचाहून अधिक ओव्या घेऊ नयेत. प्रथम त्या मोठ्याने म्हणाव्या, अर्थ कळो वा न कळो. ओवी कानासाठी आहे, आणि पुष्कळ स्थळी कानास जे कळते ते डोळ्यास उशिरा कळते. नंतर अडलेले शब्द लिहून काढावे व शब्दजाणत्यास पुसावे. टीका पाहण्यापूर्वी स्वतःचा अर्थ एका वाक्यात लिहावा, मग टीका पाहावी. म्हणजे आपले व टीकाकाराचे अंतर कळते. तीच पाच स्थळे महिन्याने पुन्हा वाचावी आणि पूर्वीचे वाक्य काढून पाहावे. अर्थ पालटला असेल तर काय पालटले, ग्रंथ की वाचक, याचा विचार करावा. शेवटी म्हातारीची परीक्षा घ्यावी.

ज्यास एवढेही होत नाही, त्याने महदाइसांचे धवळे म्हणावे. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी रिद्धपूर येथे रचलेली ही गीते भाषेने सोपी व भावाने खोल आहेत. सोपे ते उथळ, असा समज त्यांच्यामुळे नाहीसा होईल. कठीण व सोपे ही काव्याच्या दाराची दोन नावे. घर आत आहे.

निष्कर्ष

कठीण काव्य व कला धीराच्या श्रमास फळ देतात काय, या शंकेचे समाधान असे: काळाचे काठिण्य थोड्या श्रमाने सुटते, ते सोडवावे. कुलपाचे काठिण्य किल्लीने सुटते, ती शिकावी. अभिमानाचे काठिण्य सुटले तरी हाती फारसे लागत नाही, तेथे रेंगाळू नये. विषयाचे काठिण्य श्रमाने सुटतेच असे नाही. परंतु तो श्रम करणारा मनुष्य पहिल्यासारखा राहत नाही, आणि दानाच्या वेळी त्याची ओंजळ पुढे झालेली असते. नवीन साधकाने ग्रंथ मिटण्यापूर्वी आणखी एक ओवी मोठ्याने म्हणावी. ती आज कळली नाही तरी हरकत नाही. उद्या ती कोणास तरी सांगावयाची आहे, एवढे मात्र स्मरणात ठेवावे.